आकाशातला विंचू कसा शोधावा आणि त्याच्या कथा आकाशातच कशा वाचाव्यात

वृश्चिक राशीबद्दल मराठीत जे काही छापून येते ते बहुतेक भविष्याच्या रकान्यातच. ही रास आकाशात कुठे असते, कशी दिसते, तिला विंचूच का म्हटले, हे फारसे कुणी सांगत नाही. खरे तर बारा राशींमध्ये नावाप्रमाणे आकार दिसणाऱ्या राशी मोजक्याच आहेत आणि त्यांत वृश्चिकाचा मान पहिला. मेंढा, कुंभ किंवा मासे शोधताना कल्पनाशक्ती ताणावी लागते. विंचू मात्र एकदा ओळखला की पुढच्या वेळी शोधावा लागत नाही.

त्यातून आपण महाराष्ट्रात-गोव्यात राहतो, ही मोठी जमेची बाजू. लंडनहून पाहिले तर या राशीचा मुख्य तारा ज्येष्ठा क्षितिजावर जेमतेम १२ अंश चढतो आणि शेपटीचा खालचा भाग तिथे कधी उगवतच नाही. मुंबईहून ज्येष्ठा जवळजवळ ४५ अंशांपर्यंत चढते आणि शेपटीचे सर्वांत खालचे तारेसुद्धा क्षितिजापासून २८ अंश वर असतात. पुढच्या नांग्यांपासून शेपटीच्या डंखापर्यंत अख्खा विंचू आपल्या वाट्याला आला आहे.

माझे म्हणणे असे, की या राशीच्या जुन्या कथा समजून घ्यायच्या असतील तर आधी आकाश पाहावे आणि मग कथा वाचावी. कथा रचणारे लोक रोज रात्री हेच तारे पाहत होते. कथेतला विंचू कुणाच्या मागे धावतो, कुठे दबा धरून बसतो, कशाचा पहारा करतो, यातल्या बऱ्याच गोष्टी डोळ्यांनी पडताळता येतात.

पहिली पायरी : वेळ आणि जागा

पावसाळा तोंडावर येण्याआधीचे दिवस सर्वांत चांगले. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा वाजता आग्नेयेला पाहा. ज्येष्ठा तीसेक अंश वर आलेली असेल आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ती बरोबर दक्षिणेला येईल. लवकर उठणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे पाच वाजताही हा विंचू आग्नेय-दक्षिणेकडे छान दिसतो. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात संध्याकाळी अंधार पडताच नैऋत्येला त्याची शेवटची भेट होते. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यच त्या भागात असतो, तेव्हा शोधू नका.

जागा निवडताना एकच अट पाळा. दक्षिण क्षितिज मोकळे हवे. शहरातल्या गच्चीवरूनही डोक्याचे तीन तारे, ज्येष्ठा आणि डंख दिसतात, पण शेपटीच्या वळणावरचे मंद तारे शहराच्या उजेडात हरवतात. गावाकडे किंवा घाटमाथ्यावर जाणे जमले तर अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. तिथे गेल्यावर मोबाइल खिशात ठेवा आणि निदान पंधरा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या.

दुसरी पायरी : तांबडा तारा पकडा

सुरुवात ज्येष्ठेपासून करावी. दक्षिणेच्या त्या भागात एकच ठळक तांबूस तारा आहे. तो क्षितिजाजवळ असताना थोडा वेळ टक लावून पाहा. हवेच्या जाड थरातून येणारा त्याचा प्रकाश सारखा थरथरतो, मधूनच विटकरी, मधूनच केशरी होतो, एखाद्या क्षणी पांढरट चमकून पुन्हा लाल होतो. वर चढला की ही तडफड थांबते आणि रंग स्थिर होतो.

एका गोष्टीची खबरदारी घ्या. मंगळ अधूनमधून याच भागातून जातो आणि रंगाने ज्येष्ठेसारखाच असल्याने गफलत होते. ग्रीकांनी या ताऱ्याला मंगळाचा प्रतिस्पर्धी म्हणून ‘अँटारीस’ नाव दिले ते त्यामुळेच. ज्येष्ठा लुकलुकते, मंगळ बराच शांत असतो. शिवाय ज्येष्ठेच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ एकेक मंद तारा आहे. हे तिघे मिळून ज्येष्ठा नक्षत्र होते.

हा तारा आपल्यापासून सुमारे ५५० प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्याच्या जागी त्याला ठेवले तर पृथ्वीच काय, मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल.

तिसरी पायरी : डोके, शेपूट, डंख

हात लांब करून आकाशाकडे धरला तर बंद मूठ साधारण १० अंश भरते आणि ताणलेली वीत सुमारे २० अंश. विंचू दक्षिणेला असताना ज्येष्ठेच्या उजवीकडे मुठीपेक्षा थोड्या कमी अंतरावर तीन तारे उभ्या, किंचित वाकलेल्या ओळीत दिसतात. हे विंचवाचे डोके आणि हेच आपले अनुराधा नक्षत्र. त्यांतला मधला तारा २००० साली अचानक जास्त ठळक झाला आणि तेव्हापासून त्याचे तेज कमी-जास्त होत आले आहे.

आता ज्येष्ठेवरून डावीकडे खाली उतरा. ताऱ्यांची ओळ आधी सरळ खाली जाते, मग विळ्यासारखी डावीकडे वळते आणि शेवटी पुन्हा वर येते. टोकाला एकमेकांना खेटून बसलेले दोन तारे आहेत, एक ठळक, एक थोडा मंद. हा डंख. ज्येष्ठेपासून तो वीतभराहून थोडा कमी अंतरावर आहे. या जोडीवर थोडे थांबा, कारण पुढे तिची एक वेगळीच कथा येणार आहे.

चौथी पायरी : हरवलेल्या नांग्या

डोके सापडले, शेपूट सापडली, पण पुढच्या दोन नांग्या, भक्ष्य पकडायच्या, त्या कुठे आहेत? डोक्याच्या तीन ताऱ्यांच्या आणखी उजवीकडे, वरच्या अंगाला पाहा. मध्यम तेजाचे दोन तारे दिसतील. आज ते तूळ राशीत मोजले जातात, पण प्राचीन ग्रीक खगोलज्ञ त्यांना विंचवाच्या नांग्याच म्हणत. पुढे रोमन काळात नांग्यांच्या जागी तराजू कायमचा रुळला. त्या दोन ताऱ्यांची अरबीतून आलेली नावे अजूनही ‘दक्षिणेची नांगी’ आणि ‘उत्तरेची नांगी’ अशाच अर्थाची आहेत. त्यांना जोडून पाहिले की विंचू दुपटीने भव्य दिसतो.

हे केल्याशिवाय रोमन कवी ऑव्हिडने सांगितलेली फेथॉनची कथा नीट उमगत नाही. सूर्यपुत्र फेथॉन हट्टाने बापाचा रथ हाकायला घेतो. वाटेत दोन राशींची जागा व्यापून नांग्या आणि शेपूट पसरून बसलेला विंचू त्याला दिसतो. काळ्या विषाने निथळणारा तो प्राणी पाहून पोराच्या हातातला लगाम सुटतो, घोडे उधळतात आणि पृथ्वी होरपळते. दोन राशींची जागा असे कवी म्हणतो, कारण त्याच्या हिशेबात तूळसुद्धा विंचवाचीच आहे.

पाचवी पायरी : मृगाचा पाठलाग स्वतः पाहा

ग्रीक पुराणातली वृश्चिकाची मुख्य कथा ओरायन या महाकाय शिकाऱ्याच्या मृत्यूची आहे. ओरायन म्हणजे आपण ज्याला मृग नक्षत्र म्हणतो तोच तारकासमूह. कथा दोन प्रकारे सांगितली जाते. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या नावावर असलेल्या आवृत्तीत ओरायन क्रीट बेटावर शिकारीची देवी आर्टेमिस हिच्याबरोबर शिकार करत असतो. पृथ्वीवरचा एकूण एक प्राणी मारून टाकीन, अशी वल्गना तो करतो. प्राण्यांची माता असलेली पृथ्वी, म्हणजे गाया, संतापते आणि एक प्रचंड विंचू सोडते. त्याच्या दंशाने ओरायन मरतो. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकातला कवी अराटस वेगळे सांगतो. किऑस बेटावर ओरायनने आर्टेमिसच्या वस्त्राला हात घातला, तेव्हा देवीने डोंगर फोडून त्यातून विंचू बाहेर काढला.

पहिल्या कथेत गुन्हा गर्वाचा, दुसरीत स्त्रीच्या अंगावर हात टाकण्याचा. विंचू पाठवणारी देवी वेगळी, बेटही वेगळे. शेवट मात्र दोन्हींत एकच आहे. दोघेही आकाशात गेले, आणि पूर्वेला विंचू उगवला की ओरायन पश्चिमेला पळ काढतो. हा शेवट बदलता येणे शक्यच नव्हते, कारण तो आकाशाने ठरवून दिलेला आहे. मला या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच वाटते. बाकीचे तपशील जो तो आपापल्या परीने सांगणार.

हे पडताळायचे असेल तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास अशी जागा गाठा, जिथून आग्नेय आणि पश्चिम दोन्ही क्षितिजे मोकळी दिसतात. पश्चिमेला मृग कलंडलेला असेल. त्याच्या पायाकडचा निळसर-पांढरा राजन्य तारा क्षितिजाला टेकलेला किंवा नुकताच मावळलेला असेल आणि खांद्याचा तांबूस काक्षी अजून थोडा वर असेल. त्याच वेळी आग्नेयेला विंचवाचे डोके वर आलेले असेल आणि मागोमाग ज्येष्ठा उगवेल. पुस्तकांत सरसकट लिहिलेले असते की ही दोन नक्षत्रे एकाच वेळी आकाशात कधी दिसत नाहीत. आपल्या अक्षांशावर ते तंतोतंत खरे नाही. आपल्याकडे तासाभराहून थोडा अधिक काळ मृगाचा खांदा आणि विंचवाचे डोके समोरासमोरच्या क्षितिजांवर असतात. ग्रीस उत्तरेला असल्याने तिथे विंचू उशिरा उगवतो आणि ही भेट आणखी थोडक्यात आटोपते.

चीनमध्येही हीच गोष्ट लोकांनी हेरली होती. तिथल्या जुन्या कथेत एका राजाचे दोन मुलगे सतत एकमेकांशी भांडतात. शेवटी दोघांना दूर दूर पाठवून दिले जाते. एकाच्या वाट्याला ज्येष्ठेचा तारा येतो, दुसऱ्याच्या वाट्याला मृगातले तारे, आणि दोघे पुन्हा कधी भेटत नाहीत. ग्रीकांना तिथे शिकारी आणि विंचू दिसला, चिनी लोकांना वैर धरलेले सख्खे भाऊ. पाहिले दोघांनी एकच.

आपल्या परंपरेत मृगाचा वैरी वेगळा आहे. ऐतरेय ब्राह्मणातल्या कथेत प्रजापती मृगाचे रूप घेऊन आपल्या मुलीच्या मागे जातो. देव कोपतात आणि रुद्र त्याला बाणाने विंधतो. मृग, व्याध, रोहिणी आणि मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण हे सगळे हिवाळ्याच्या आकाशात शेजारीशेजारी दिसतात. त्यामुळे आपली कथा एका दृष्टिक्षेपात संपूर्ण मावते. तिला क्षितिजापलीकडच्या विंचवाची गरजच पडली नाही.

सहावी पायरी : विंचू आला कुठून ते पाहा

ग्रीकांनी विंचू स्वतः रचला नाही. तो मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकच्या भागातून आला. इसवी सन पूर्व १००० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मुल-अपिन’ या तारकासूचीत विंचवाचा तारकासमूह आहे आणि ज्येष्ठेला विंचवाची छाती म्हटले आहे. त्याच्याही आधी, बाबिलोनवर राज्य करणाऱ्या कॅसाइट राजांच्या काळात, जमिनीच्या दानाची नोंद करणाऱ्या ‘कुदुरू’ नावाच्या दगडांवर देवतांची चिन्हे कोरत. त्यांत इश्खारा देवीचे चिन्ह म्हणून विंचू ठसठशीत कोरलेला दिसतो. लूव्र आणि ब्रिटिश म्युझियममध्ये असे दगड आहेत.

मेसोपोटेमियातल्याच गिल्गमेश राजाच्या महाकाव्यात विंचवाचे अंग असलेला पहारेकरी आणि त्याची बायको भेटतात. माशू पर्वतापाशी, जिथून सूर्य येतो-जातो, त्या दाराची राखण ही जोडी करते. त्यांची नजर पडली तरी माणूस मरतो असे वर्णन आहे. तरीही गिल्गमेशची व्यथा ऐकून ते त्याला आत सोडतात. विंचू सूर्याच्या दाराशी का उभा केला, यावर एक तर्क केला जातो. पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरत असल्याने संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या जागा, सरकतात आणि इसवी सन पूर्व ३००० च्या आसपास शरद संपात बिंदू ज्येष्ठेच्या अगदी जवळ होता. म्हणजे सूर्य विंचवाच्या छातीशी आला की दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागे. कथा यातूनच निघाली असे सिद्ध करता येत नाही, पण पहारेकरी तिथे शोभतो खरा.

राशिचक्राचे ३० अंशांचे बारा सारखे भाग बाबिलोनी ज्योतिर्विदांनी इसवी सन पूर्व पाचव्या शतकात पाडले. तिथून ते ग्रीकांकडे गेले आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीकांकडून भारतात आले. नक्षत्रे मात्र आपली, वेदकाळापासूनची. म्हणून आपल्या पंचांगात राशीचा विंचू आणि नक्षत्रांची अनुराधा, ज्येष्ठा, मूळ ही दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे एकाच घरात नांदतात.

सातवी पायरी : गौरींच्या तीन दिवसांत चंद्र पाहा

महाराष्ट्रातल्या घराघरांत ही रास दरवर्षी साजरी होते आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. भाद्रपदात गणपतीपाठोपाठ येणाऱ्या ज्येष्ठा गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठेवर आणि विसर्जन मुळावर होते. म्हणजे गौरी तीन दिवस घरी असतात तेव्हा चंद्र विंचवाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंतचा प्रवास करत असतो.

ढग हटले तर अंधार पडल्यावर दक्षिण-नैऋत्येकडे पाहा. साधारण अर्धा भरलेला चंद्र पहिल्या संध्याकाळी डोके आणि ज्येष्ठेच्या परिसरात असतो, दुसऱ्या दिवशी डावीकडे सरकतो आणि तिसऱ्या दिवशी शेपटीच्या वरून पुढे जातो. वर्षागणिक थोडे मागेपुढे होते. पंचांगातले नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कलांचा सारखा भाग, आणि प्रत्यक्ष तारे काही अशी समान वाटणी करून बसलेले नाहीत. लाल ज्येष्ठा तर या गणिताने अनुराधेच्या भागाच्या अगदी शेवटी पडते.

ज्येष्ठ महिन्याचे नावही इथूनच आले. वटपौर्णिमेचा चंद्र याच ताऱ्याच्या आसपास असतो. त्या रात्री आभाळ मोकळे मिळाले तर चंद्राच्या झगमगाटातही शेजारची लाल ज्येष्ठा ओळखू येते.

तैत्तिरीय संहितेतल्या नक्षत्रांच्या यादीत ज्येष्ठेलाही रोहिणी म्हटले आहे. वृषभातली रोहिणी लाल, ही पण लाल, आणि राशिचक्रावर दोघी एकमेकींपासून जवळजवळ बरोबर १८० अंशांवर, म्हणजे आकाशाच्या दोन टोकांना. ते नाव देणाऱ्याने दोन्ही तारे किती निरखून पाहिले असतील!

आता डंखाच्या त्या जोडीकडे या. हे मूळ नक्षत्र. मुळावर मूल जन्मले की आजही काही घरांत चेहरे उतरतात, शांत करावी लागते, आणि त्या कोवळ्या जिवाला काही कळण्याआधीच दोष चिकटतो. हे ऐकले की मला फार वाईट वाटते. अथर्ववेदात डंखाच्या याच दोन ताऱ्यांना ‘विचृतौ’ म्हटले आहे. दुसऱ्या कांडातले सूक्त त्यांच्या उदयाचे स्वागत करते आणि क्षेत्रिय, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या, रोगाचे पाश या ताऱ्यांनी सोडवावेत अशी प्रार्थना करते. पुढच्या काळात मुळाची देवता म्हणून विनाशाची देवी निर्ऋती मानली गेली आणि भीती वाढत गेली. पण सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एका ठिकाणी हे तारे बंधन सोडवणारे आहेत, बाधा आणणारे नाहीत. मुळावर जन्मलेले कुणी तुमच्या घरी असेल तर त्याला गच्चीवर नेऊन ही जोडी जरूर दाखवा आणि हे सांगा.

आठवी पायरी : तारखांचा घोळ सोडवा

वर्तमानपत्रातल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या भविष्यात सूर्य वृश्चिकेत २३-२४ ऑक्टोबरपासून असतो. आपल्या पंचांगात तो साधारण १६ नोव्हेंबरला वृश्चिकेत जातो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तारकासमूहांच्या ज्या सीमा आखल्या आणि १९३० साली प्रसिद्ध झाल्या, त्यांप्रमाणे सूर्य प्रत्यक्ष वृश्चिक तारकासमूहात जेमतेम आठवडाभरच असतो, २३ ते २९ नोव्हेंबरच्या सुमारास. तिथून तो धनूत न जाता आधी भुजंगधारीत शिरतो.

भुजंगधारी विंचवाच्या डोक्यावरच उभा आहे. ग्रीक त्याला वैद्यराज अस्क्लेपिऑस मानत. मेलेल्यांना उठवू लागला म्हणून देवांचा राजा झ्यूस याने त्याला वज्राने मारले आणि मग आकाशात जागा दिली. त्याचे तारे मंद आहेत, पण ज्येष्ठेच्या वर थोडे शोधले तर पाय सापडतात.

नववी पायरी : द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण) असेल तर

डंखाच्या डावीकडे थोडे वर धुरकट ठिपका दिसतो. तो ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीने दुसऱ्या शतकात नोंदवलेला तारकागुच्छ. आज त्याला एम ७ म्हणतात. अंधाऱ्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्याच्या वरच्या बाजूला एम ६ आहे. ज्येष्ठेच्या उजवीकडे अगदी जवळ, चंद्राच्या दोन-तीन रुंदींवर, एम ४ हा गोलाकार गुच्छ आहे. तो मात्र दुर्बिणीतही मंद असतो, घाई करू नका.

दहावी पायरी : मुलांना सांगताना

आधी तारे दाखवा, आकार मुलांनाच काढू द्या. हवाई बेटांवरच्या लोकांनी याच आकाराला माउई या वीराचा मासे पकडायचा गळ म्हटले, ज्याने त्याने समुद्रतळातून बेटे ओढून काढली. हे आधी सांगितले की मुले विंचू आणि गळ दोन्ही शोधू लागतात. मग ओरायनची कथा सांगा, पण ती मेच्या सुरुवातीच्या रात्रीसाठी राखून ठेवा, जेव्हा पश्चिमेला मावळता मृग बोट करून दाखवता येतो. लहान मुलांना गायाची आवृत्ती पुरते. थोडी मोठी, विशेषतः मुली असतील, तर आर्टेमिसची सांगा आणि देवीने विंचू का पाठवला हे आडपडदा न ठेवता सांगा.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि ज्येष्ठा क्षितिजापासून किती मुठी वर होती एवढे लिहिले तरी पुरे. दोन आठवड्यांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. मग तो विंचू रोज चार मिनिटे लवकर उगवतो हे मुले स्वतःच शोधून काढतात, आणि मृग संध्याकाळच्या आकाशातून नाहीसा कसा होतो हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.